नकाराचं दुखणं अंगावर काढू नका

मुलगा पाहताच पाच मिनिटांत मुलीने मनाशी ठरवलं होतं, हा नको. तिने तसं सांगायच्या आत मुलाकडूनच नकार आला आणि ती दोन दिवस नीट जेवली नाही. तुमच्या घरी असं झालं असेल, तर "तुला तरी कुठे पसंत होता?" असं म्हणून तिला गप्प करू नका. प्रश्न वाजवी आहे, पण त्याचं उत्तर तिच्याकडे नाही. ते मिळालं एका पोरकट वाटणाऱ्या खेळातून.

किपलिंग विल्यम्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले होते. मागून एक फ्रिस्बी येऊन पाठीला लागली. वळून पाहिलं तर दोन अनोळखी माणसं खेळत होती. यांनी ती परत फेकली, त्यांनी पुन्हा यांच्याकडे फेकली आणि बघता बघता तिघांचा खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने त्या दोघांनी काही न बोलता यांच्याकडे फेकणं बंद केलं. झालं ते एवढंच. ना ओळख ना पाळख, तरी आपल्याला हे इतकं का लागावं याचं विल्यम्सना नवल वाटलं आणि त्यांनी तोच प्रसंग प्रयोगशाळेत आणला. २००० साली त्याचं संगणकावरचं रूप आलं, ते म्हणजे सायबरबॉल. पडद्यावर तीन खेळाडू आणि एक चेंडू. तुम्हाला सांगतात, बाकीचे दोघं दुसरीकडे बसून खेळतायत. प्रत्यक्षात ते दोघं म्हणजे संगणकच. सुरुवातीला चेंडू तुमच्याकडे येतो, मग यायचा थांबतो. ते दोघं आपसात फेकत राहतात, तुम्ही नुसते बघत बसता. सगळा मिळून काही मिनिटांचा मामला.

एवढ्यानेही माणूस खट्टू होतो. आपण कोणाचे तरी आहोत, आपल्याला किंमत आहे, गोष्टी थोड्याफार आपल्या हातात आहेत, आपल्या असण्याला अर्थ आहे, या चारही भावना खाली येतात. पुढचं तर आणखी चमत्कारिक. समोर माणसं नाहीत, संगणक आहे, हे आधीच सांगून टाकलं तरी लागतं. चेंडू मिळाला की पैसे कापले जाणार, म्हणजे न मिळण्यातच फायदा, असा नियम केला तरी लागतं. समोरचे दोघं कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे आहेत असं सांगितलं, म्हणजे ज्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये अशी माणसं, तरीही लागतं. वगळलं गेल्याचं दुखणं आधी येतं. कोणी वगळलं, त्यांची लायकी काय, आपल्याला त्यांचं काय पडलंय, हा हिशेब मेंदू मागाहून मांडतो. त्या मुलीचं न जेवणं हे त्या मधल्या वेळातलं आहे.

याला दुखणं म्हणायचं ते केवळ बोलायची रीत म्हणून नव्हे. २००३ साली नाओमी आयझेनबर्गर आणि मॅथ्यू लिबरमन यांनी विल्यम्सच्या साथीने हाच खेळ एमआरआय यंत्रात झोपलेल्या १३ जणांना खेळायला दिला. चेंडू यायचा थांबला तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात, दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत असलेल्या एका पट्ट्यातली हालचाल वाढली. ज्याला जास्त वाईट वाटलं, त्याच्यात ती जास्त होती. हा पट्टा वेदनेच्या अभ्यासकांच्या चांगला ओळखीचा. दुखण्याला दोन अंगं असतात: कुठे आणि किती दुखतंय हे एक, आणि त्याचा जाच किती होतोय हे दुसरं. जुनाट वेदनेने हैराण झालेल्या काही रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रिया करून या पट्ट्यातला छोटा भाग निकामी केला, तेव्हा ते सांगत की दुखतंय तर खरं, पण आता त्याचं एवढं काही वाटत नाही. नकार मुख्यतः हे दुसरं अंग हलवतो.

निसर्गाने ही सोय का केली असावी? माणसाचं पोर जन्मतः इतकं परावलंबी की आईपासून दूर पडणं म्हणजे मरणच. याक पांकसेप यांनी १९७०च्या दशकात दाखवलं होतं की आईपासून दूर केलेल्या प्राण्यांच्या पिल्लांचं रडणं मॉर्फिनच्या अगदी थोड्या मात्रेनेही कमी होतं. कळपापासून तुटल्याची खबर देण्यासाठी शरीराने वेगळी यंत्रणा उभारली नाही, वेदनेचीच जुनी यंत्रणा कामाला लावली, असा तर्क त्यातून निघाला. मला तो पटतो. मात्र तो तर्क आहे, एवढं ध्यानात असू द्यावं.

आणि इथेच थोडा हात आखडता घ्यायला हवा. "हृदय तुटलं आणि हाड मोडलं, मेंदूला सारखंच" असली वाक्यं मोबाइलवर फिरत असतात, ती तशीच गिळू नका. २०११ साली इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी नुकतंच प्रेम मोडलेल्या ४० जणांना एकदा त्या व्यक्तीचा फोटो दाखवला आणि एकदा हाताला चटका बसेल असं तापमान दिलं. दोन्ही वेळा मेंदूतले बरेचसे तेच भाग जागे झाले. पण २०१४ साली अधिक बारकाईने पाहिल्यावर दिसलं की भाग तेच असले तरी त्यांच्या आतली हालचाल वेगळ्या नक्षीची आहे, आणि नुसत्या त्या नक्षीवरून चटका कुठला आणि विरह कुठला हे ओळखता येतं. म्हणजे एकाच वाड्यातली ही दोन बिऱ्हाडं. भिंत सामायिक आहे, एकाकडचा आवाज दुसऱ्याकडे जातो. पण चूल वेगळी.

हे सांगायचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. २०१० साली एका प्रयोगात तीन आठवडे रोज पॅरासिटामॉल घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी मन दुखावल्याच्या तक्रारी कमी नोंदवल्या. त्याची बातमी जगभर झाली. ती वाचून कोणी मन दुखलं म्हणून गोळी घेऊ नये. तो निष्कर्ष उपचार म्हणून वापरण्याइतका पक्का नाही, आणि पॅरासिटामॉलचा डोस जास्त झाला तर यकृताला गंभीर इजा होते, हे मात्र पूर्ण पक्कं आहे. दारूबद्दल वेगळं काय सांगायचं? ती त्या रात्रीपुरती बधिरता देते आणि पहाटे तीनला उठवून बसवते.

मग करायचं काय? पहिला दिवस दुखापतीचा समजा. पाय मुरगळल्यावर आपण लगेच जिना चढत नाही, तसंच इथेही त्या दिवशी मोठं काही करायचं नाही. नोकरीसाठी नकार आलाय म्हणून त्याच रात्री क्षेत्र बदलायचा निर्णय नको. मैत्रिणींनी सहलीला विचारलं नाही म्हणून ग्रुप सोडू नका. ज्याने नकार दिला त्याला "कारण तरी सांग" असा लांबलचक मेसेज तर मुळीच नको. लिहिल्याशिवाय राहवत नसेल तर वहीत लिहा, पाठवायचं की नाही ते दोन दिवसांनी ठरवा. जेवण साधं पण वेळेवर, आणि थोडं चालणं. झोप लागली नाही तरी दिवा बंद करून आडवं व्हा. ही आजीबाईची यादी वाटेल, पण जाच सहन करणाऱ्या मेंदूला दुसऱ्या दिवशी वापरायला थोडी शिल्लक उरते ती यातूनच.

माणूस जवळ हवा. शक्यतो स्पर्शाच्या अंतरावर. २००६ साली जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांना यंत्रात झोपवून सांगितलं, की पायाला विजेचा सौम्य झटका बसेल. एकदा हातात कोणाचाच हात नव्हता, एकदा अनोळखी माणसाचा होता, एकदा नवऱ्याचा. अनोळखी हातानेही मेंदूतली धोक्याची हालचाल काहीशी उतरली, नवऱ्याच्या हाताने जास्त उतरली, आणि ज्यांचं एकमेकांशी चांगलं होतं त्यांच्यात सगळ्यात जास्त. आपल्याकडे मोठी झालेली मुलं आणि आईवडील एकमेकांना क्वचितच हात लावतात. अशा वेळी लावावा. उपदेश नंतर करता येतो. "बरं झालं सुटलीस", "त्यांच्याकडे तसंही पाण्याची बोंब आहे" ही वाक्यं प्रेमापोटीच येतात, पण पहिल्या दिवशी ती ऐकणाऱ्याला पोहोचत नाहीत. त्यापेक्षा शेजारी बसून शेंगा सोला.

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरचा धोका वेगळा आहे, आणि माझ्या मते मोठा. शरीराच्या दुखण्याची आठवण येते, पण ते दुखणं परत होत नाही. दाढ काढतानाची कळ आता कितीही आठवली तरी दाढ दुखत नाही. अपमानाचं तसं नसतं. २००८ साली झालेल्या अभ्यासात लोकांना जुनी शारीरिक इजा आणि जुना विश्वासघात आठवायला सांगितलं, तेव्हा विश्वासघात आठवणाऱ्यांनी ते दुखणं पुन्हा कितीतरी जास्त अनुभवल्याचं सांगितलं. म्हणजे रात्री अकरा वाजता त्याचा डीपी उघडून बघणं, 'लास्ट सीन' तपासणं, सहलीला गेलेल्यांचे स्टेटस एकामागून एक पाहत बसणं, ही माहिती गोळा करणं नसतं. दर वेळी तेच दुखणं नव्याने ओढवून घेणं असतं. ते चॅट आर्काइव्ह करा. नंबर डिलीट करायचं धाडस होत नसेल तर नका करू, पण स्टेटस म्यूट करा. एवढ्याला अर्धं मिनिट लागतं आणि त्यात कोणाचा अपमानही होत नाही.

डोक्यात चालणारी उजळणी थांबवणं याहून अवघड. "विचार करू नकोस" हा सल्ला निरुपयोगी आहे, तो देणाऱ्यालाही हे माहीत असतं. दोन गोष्टी करून पाहण्यासारख्या आहेत. पहिली, स्वतःशी स्वतःच्या नावाने बोलायचं. "मला का नाकारलं?" याऐवजी "सायलीला आत्ता इतकं का लागतंय?" असा प्रश्न मनात विचारायचा. सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं. पण मी-मी करत गुंतत जाण्यापेक्षा चार पावलं मागून पाहिलं की विचारांची धार कमी होते, असं क्रॉस यांनीच पुढच्या प्रयोगांत दाखवलं. दुसरी, लिहिणं. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहिलं. लिहून उठल्यावर त्यांना लगेच बरं वाटलं नाही, उलट आणखी वाईट वाटलं. पण त्यानंतरच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. शुद्धलेखन बघू नका. चार दिवस झाले की थांबा. महिनाभर तेच लिहीत राहिलात तर ती पुन्हा उजळणीच.

आता नकार देणाऱ्यांसाठी. स्थळं बघणाऱ्या घरांत एक शब्द फार सोयीचा झालाय: "कळवतो." पुष्कळदा त्याचा अर्थ 'नाही' असाच असतो, आणि समोरच्याने तो आपणहून समजून घ्यावा अशी अपेक्षा असते. आपल्याला वाटतं, तोंडावर नाही म्हणून कशाला दुखवा. विल्यम्सच्या खेळातला चेंडू आठवा. तिथे कोणी कोणाला वाईट शब्द बोललं नव्हतं. नुसतं गप्प राहिले होते. स्पष्ट 'नाही' ऐकलेल्या माणसाला निदान आपली दखल घेतली गेली हे तरी कळतं. गप्प बसलात तर तेही नाही. आणि फोन वाजला की घरातल्या सगळ्यांच्या माना वळत राहतात.

तेव्हा कळवा, आणि दोन-तीन दिवसांत कळवा. मेसेज साधा असावा: "नमस्कार काका. रविवारी तुमच्या सगळ्यांशी बोलून छान वाटलं. आम्ही विचार केला, पुढे जायचं नाही असं ठरलं आहे. सायलीला आणि तुम्हाला शुभेच्छा." बस्स. पत्रिकेचं खोटं कारण देऊ नका. ते लोक दुसऱ्या गुरुजींकडून पत्रिका पुन्हा जुळवून आणतात, मग तुमची आणखी पंचाईत. रंग, उंची, पगार यांचं खरं कारणही सांगू नका, ते ऐकून कोणाची उंची वाढत नाही. आणि वारंवार "सॉरी" म्हणू नका. हे चमत्कारिक वाटेल, पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळलं की नकाराबरोबर माफी मागितली की समोरचा जास्त दुखावतो. शिवाय "नाही, नाही, काही हरकत नाही" असं म्हणून तुमचं सांत्वन करायची जबाबदारीही त्याच्यावरच पडते.

घरातल्या अबोल्याचंही हेच. राग आल्यावर तासभर वेगळ्या खोलीत जाऊन बसणं हा शहाणपणा आहे, "मला आत्ता बोलायचं नाही, जेवणानंतर बोलू" एवढं सांगून गेलात तर. न सांगता आठवडाभर ताट समोर आपटणं आणि मुलांकरवी निरोप देणं हा मार आहे, फक्त वळ दिसत नाही. लहान मुलांवर तर हे हत्यार कधीच उगारू नये. मूल रडत येऊन "आई, बोल ना" म्हणतं तेव्हा शिस्त लागलेली नसते. ते भेदरलेलं असतं.

घरातल्या वयस्कर माणसांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. सुनेशी वाजलं की सासूबाईंचे गुडघे दुखायला लागतात, मुलाने फोन उचलला नाही की अण्णांची कंबर धरते, आणि घरचे एकमेकांकडे बघून हसतात. नाटक म्हणतात त्याला. आयझेनबर्गर यांच्याच २००६च्या अभ्यासात दिसलं की ज्यांना चटका लवकर सहन होईनासा होतो, त्यांनाच वगळलं जाणंही जास्त लागतं. वाड्याची भिंत सामायिक आहे म्हटलं ते याचसाठी. गुडघ्याची झीज खरी, कंबरही खरी; त्यात एकटेपणाची भर पडली की तोच गुडघा जास्त जाचतो. मलम लावाच, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करून घ्याच, पण मलम लावताना दहा मिनिटं गप्पाही मारा. नातवाने लावलं तर आणखी उत्तम.

छातीत दुखलं तर मात्र यातलं काहीही डोक्यात आणू नका. "मनाला लावून घेतलंय, होईल बरं" म्हणत थांबायची ती वेळ नव्हे. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग फुग्यासारखा फुगून त्याची ताकद तात्पुरती कमी होते, असा आजार १९९०च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी नोंदवला. तिकडे ऑक्टोपस पकडायचं जे मडकं असतं, त्यावरून त्याला ताकोत्सुबो असं नाव पडलं. तो बहुतेक करून रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये दिसतो. लक्षणं हुबेहूब हार्ट अटॅकची. नुसतं बघून दोन्हींतला फरक घरच्यांनाच काय, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, इको आणि बहुतेक वेळा अँजिओग्राफीही लागते. तेव्हा आधी दवाखाना. भांडण कशावरून झालं ते तिथे पोहोचल्यावर सांगा.

दोन-तीन आठवडे उलटूनही झोप आणि भूक परत येत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, माणसांत जाणंच नको वाटत असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जगून काय करायचं असा विचार एकदा जरी बोलून दाखवला गेला, तरी आठवड्यांचा हिशेब करत बसू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

शेवटी, ज्या नकाराला मलम-गप्पा पुरत नाहीत त्याबद्दल. एखाद्या घराला अख्ख्या गावाने किंवा जातपंचायतीने वाळीत टाकणं. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ घरच्यांनाही बसली. ही फक्त जुनी गोष्ट असती तर बरं झालं असतं. किराणा मिळत नाही, लग्नाला कोणी येत नाही, मयताला खांदा द्यायला माणूस नाही, अशा तक्रारी अलीकडच्या वर्षांतही येत राहिल्या, म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा घराला "तुम्ही मन घट्ट करा" असं सांगणं क्रूर आहे. त्यांच्या मेंदूत काही बिघडलेलं नाही, चेंडू अडवणारे हात समोर दिसतायत. तुम्ही शेजारी असाल तर त्यांच्या दारात उघडपणे जा, चहा प्या, मुलांना शाळेला सोबत घेऊन जा. आणि वाळीत टाकलेलं घर तुमचंच असेल, तर बैठकीचा ठराव, दंडाची मागणी, ग्रुपवरचे मेसेज, दुकानदाराने सामान नाकारल्याची तारीख, सगळं नोंदवून ठेवा. तक्रार पोलिसांकडे करता येते, आणि थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही.